कुंपण पडण्याआधी वाट कागदावर आणा : प्रस्तावित औद्योगिक प्रकल्पाजवळच्या गाववाटा, गुरचरण आणि डोंगरवाटा कशा राखाव्यात

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आमच्या गावामागे डोंगर आहे आणि त्याच्या खांद्यावर शेंदूर लावलेला एक दगडी देव आहे. गावठाणातून निघून खळ्यांच्या कडेने आणि मग ओढा ओलांडून वर जाणारी पायवाट माझ्या आजोबांच्याही आधीची होती. पावसाच्या तोंडावर त्याच वाटेने बायका शेवळं खुडायला जात, गुराखी गुरे नेत आणि आम्ही पोरे धबधब्याखाली बसायला जात असू. पुढे त्या वाटेवर एका कारखान्याचे कुंपण आले. कारखान्याने सुरुवातीला वाट बंद केली नाही. कुंपणात एक माणूस जाईल एवढे लोखंडी फाटक ठेवले, तिथे पहारेकरी बसवला आणि टेबलावर एक लांबट नोंदवही ठेवली. नाव, गाव, वेळ, कारण आणि सही असे तिचे पाच रकाने होते. माझ्या वडिलांनी कारणाच्या रकान्यात "देवदर्शन" असे लिहून अकरा वर्षे सही केली. बाराव्या वर्षी फाटकाला कुलूप लागले. गावकरी जाब विचारायला गेले, तेव्हा त्याच वह्या त्यांच्यापुढे ठेवण्यात आल्या आणि सांगण्यात आले की, तुम्ही आजवर आमच्या परवानगीने येत होता आणि ती परवानगी आता आम्ही काढून घेतली आहे.

त्या दिवशी मला जे कळले ते आधी कळले असते, तर वाट वाचली असती. वहिवाट ही हक्काने केलेली असावी लागते. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून हक्क तयार होत नाही. शिवाय वाट बंद होते ती फाटकाला कुलूप लागते त्या दिवशी नव्हे, तर प्रकल्पाच्या कागदांत ती कोठेही नोंदलेली नसते तेव्हाच. म्हणून शहापूर, मुरबाड, भिवंडी किंवा कल्याणच्या ग्रामीण भागात एखाद्या औद्योगिक क्षेत्राची, गोदामांच्या वसाहतीची किंवा खाणीची चर्चा सुरू झाली की, गावाने आणि त्या भागात भटकंतीला जाणाऱ्या शहरी मंडळींनी नेमके काय करावे, ते मी येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी हे ओळखा की हक्क कोणाचा आहे

एक अप्रिय गोष्ट सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. केवळ आनंदासाठी डोंगरावर, माळावर किंवा खाडीकाठी फिरण्याचा स्वतंत्र हक्क आपल्याकडे कोणत्याही कायद्यात सरळ शब्दांत लिहिलेला नाही. रविवारी गोरखगडाला किंवा माहुलीला जाणारा ठाणेकर गावाच्या वाटेने आणि गावाच्या सौजन्याने जातो. त्यामुळे भटकंतीची जागा वाचवायची असेल, तर ती कायद्याने मान्य केलेल्या अधिक भक्कम हक्काशी जोडावी लागते. शेतावर जाण्याची वहिवाट, गावदेवीची वाट, गुरचरण, मासेमारीसाठी खाडीत उतरण्याची जागा, सामूहिक वनहक्क आणि गावनकाशावर दाखवलेला सार्वजनिक रस्ता हे ते हक्क होत. गावाचा हक्क टिकला तरच फिरायला जाणाऱ्याची वाट टिकते. म्हणून शहरातील गिर्यारोहण संस्थांनी स्वतःचे वेगळे निवेदन घेऊन जाण्याऐवजी प्रथम गावात जाऊन बसावे, असे मला मनापासून वाटते.

हे हक्क एकाच प्रकारचे नाहीत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार एखाद्याने स्वतःच्या जमिनीवर जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वाट वापरली असेल, तर त्याला सुविधाधिकार मिळू शकतो. जमीन सरकारची असेल, तर हीच मुदत तीस वर्षांची आहे. त्यात दोन खाचा आहेत आणि अनेक गावे त्यांतच अडकतात. पहिली अशी की, हा काळ दावा दाखल करण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपणारा असावा लागतो, म्हणजे वाट बंद झाल्यावर पाच वर्षांनी जुन्या वापराचा आधार घेता येत नाही. दुसरी अशी की, अडथळा माहीत होऊनही एक वर्ष तो निमूटपणे सोसला, तर वापरात खंड पडला असे धरले जाते. वडीलधारी माणसे "बघू, पुढच्या वर्षी बोलू" असे म्हणतात तेव्हा ही गोष्ट त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगावी. याच कायद्यातील कलम १८ रूढीने चालत आलेल्या सुविधाधिकारांना मान्यता देते आणि देवाच्या वाटेसाठी किंवा गावाच्या चराईसाठी ते उपयोगी पडते.

गाव अनुसूचित क्षेत्रात (आदिवासी भाग म्हणून राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या क्षेत्रात) आहे का, हेही लगेच पाहावे. ठाणे जिल्ह्यात संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड व भिवंडी तालुक्यांतील काही गावे त्यात येतात. तेथे पेसा कायद्यामुळे (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्यामुळे) ग्रामसभेच्या ठरावाला अधिक वजन असते. वनजमीन असेल, तर वनहक्क कायदा, २००६ नुसार चराई, गौण वनोपज आणि सामूहिक वनसंपत्तीचे दावे ग्रामसभेमार्फत करता येतात. ठाकूर आणि कातकरी वाड्यांच्या जंगलातील वाटा बहुधा कोणत्याही महसुली नकाशावर नसतात, पण सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जोडलेल्या नकाशावर त्या काढता येतात. दावा अजून केला नसेल, तर प्रकल्पाची चाहूल लागताच तो दाखल करावा, कारण वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावात गावाचे वनहक्क निकाली निघाले आहेत की नाहीत हा प्रश्न विचारला जातोच.

नकाशा वाचायला शिका

तहसील कचेरी आणि भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत, संबंधित गटांचे सातबारे आणि त्यांवरील जुने फेरफार मिळवावेत. संकेतस्थळावरचा नकाशा पाहण्यापुरता बरा असला, तरी हरकतीला प्रमाणित प्रतच जोडावी. जुन्या अभिलेखांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळतात का, याचीही चौकशी करावी. पूर्वीच्या सर्व्हे नंबरांचे नकाशे एकत्रीकरणानंतरच्या गटनकाशांपेक्षा अनेकदा अधिक बोलके असतात.

गावनकाशावर रस्त्यांची एक भाषा असते आणि ती एकदा कळली की नकाशा वेगळाच दिसू लागतो. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे ग्रामीण रस्ते दुहेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात आणि त्यांची रुंदी ३० ते ३३ फूट धरलेली असते. हद्दीच्या गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट असते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट. आपण ज्या वाटेवर एकामागे एक चालतो ती कागदावर सव्वाआठ फुटांची आहे, हे पाहिल्यावर गावातली माणसे नकाशावर बोट ठेवून काही क्षण गप्प होतात, असे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. शेतावर जाणाऱ्या बारीक वाटा मात्र गावनकाशावर नसतात. त्यांची नोंद असलीच तर वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात सापडते, कारण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६५ मध्ये खाजगी जमिनीतील वाटेच्या, पाण्याच्या आणि मासेमारीच्या रूढी गावनिहाय नोंदवण्याची तरतूद आहे. तो दस्तऐवज तुमच्या गावासाठी झाला आहे का, अशी लेखी विचारणा करावी. झालेला नाही असे लेखी उत्तर आले, तर तेही जपून ठेवावे, कारण वाट नोंदवलेली नाही याचे कारण वापर नव्हता असे नसून नोंदणीच झाली नव्हती, हे त्यावरून दाखवता येते.

सरकारी पडीक, गुरचरण आणि गायरान यांसाठी गाव नमुना १-ब मागावा. गायरानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्याविषयी शासन निर्णय काढला. हे दोन्ही उल्लेख हरकतीत तारखेसह यावेत.

कागदपत्रे नाकारली किंवा टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत सर्वांना माहीत असते. पण "अभिलेख पाहणी" मागता येते हे फार थोडे जण वापरतात. प्रती मागण्याआधी फाइल समोर बसून पाहावी आणि हवी ती पाने चिन्हांकित करून त्यांच्याच प्रती घ्याव्यात. त्यामुळे प्रकल्पाच्या जागेविषयीची मोजणी, स्थळपाहणी अहवाल आणि "जागेत कोणतीही वहिवाट नाही" असा शेरा कोणी आणि कधी मारला, हे समजते.

वाट चालून नोंदवा

ही पायरी सर्वांत साधी आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. गावातील दोन वयस्कर माणसे, एक गुराखी, एक महिला आणि मोबाइल चांगला हाताळणारा एक तरुण अशा पाच जणांनी प्रत्येक वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालावी. मोबाइलमध्ये चालण्याचा मार्ग नोंदवणारे कोणतेही ॲप सुरू ठेवावे आणि दर शंभर-दोनशे पावलांवर अक्षांश-रेखांश व तारीख उमटणारे छायाचित्र घ्यावे. नुसत्या वाटेचे छायाचित्र काढू नये. वाट जुनी आहे हे सांगणाऱ्या खुणा टिपाव्यात : पायांनी गुळगुळीत झालेला कातळ, ओढ्यात पाय ठेवायला रचलेले धोंडे, बांधाला पाडलेली आणि वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली खिंड, देवापाशी साठलेल्या शेंदराचे थर, गुरांच्या पाण्याची कोंड. एका गावात पायवाटेच्या कडेला आंब्याच्या बुंध्यावर मोळी टेकवून झिजलेला भाग होता. डोक्यावरची मोळी उतरवायला पिढ्यानपिढ्या तेच झाड वापरले गेले होते, आणि खोडाच्या त्या बाजूला माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर साल चकाकत होती. त्या एका छायाचित्राने सुनावणीत दहा प्रतिज्ञापत्रांचे काम केले.

त्यानंतर जबाब घ्यावेत. प्रत्येक जबाबात त्या व्यक्तीने वाट कधीपासून, कोणत्या महिन्यांत, कशासाठी आणि आठवड्यातून किती वेळा वापरली, कोणी कधी अडवले का आणि कोणाची परवानगी घ्यावी लागत होती का, हे स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असावे. सर्वांचे जबाब एकाच साच्यात टंकून नुसत्या सह्या घेतल्या, तर त्यांची किंमत शून्य होते. वाट मोसमी असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. भातशेती उभी असताना बांधावरून आणि कापणीनंतर शेतातून अशी वाट बदलत असेल, तर दोन्ही मार्ग नोंदवावेत.

भटकंती करणाऱ्यांकडेही पुरावा असतो, फक्त तो विखुरलेला असतो. गिर्यारोहण संस्थांच्या जुन्या मोहिमांच्या वह्या, तारीख असलेली छायाचित्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि शाळांच्या सहलींच्या नोंदी एकत्र कराव्यात. दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर गर्दी होऊ नये म्हणून प्रशासन बंदी आदेश काढते; त्या आदेशांत ठिकाणांची नावे असतात. अपघात टाळण्यासाठी निघालेल्या त्याच आदेशावरून लोक तिथे नियमित जातात, हे शासनाच्याच कागदाने सिद्ध होते. असे आदेश वर्षवार जमवून ठेवावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरही अनेक पायवाटा आणि घाटवाटा दिसतात. मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट तर सातवाहन काळापासूनचा व्यापारी मार्ग आहे आणि त्याच्या लेण्यातील ब्राह्मी शिलालेख आजही वाचले जातात. सगळ्याच वाटांना असे भाग्य नसते, पण प्रत्येक वाटेचा काही ना काही माग कुठेतरी उमटलेला असतो.

हे सर्व पूर्ण झाले की ग्रामसभा बोलवावी आणि वाटांची यादी, गट क्रमांक, लांबी, वापर आणि नकाशा यांसह ठराव करावा. "प्रकल्पाला विरोध" आणि "वाटांचे संरक्षण" हे दोन स्वतंत्र ठराव असावेत, असा माझा आग्रह आहे. विरोधाचा ठराव बाजूला ठेवला गेला, तरी वाटांचा ठराव उभा राहतो. आणि जमीन देऊ इच्छिणारा शेतकरीसुद्धा वाटांच्या ठरावावर आनंदाने सही करतो, कारण त्याची म्हैस त्याच वाटेने जाते.

सूचना कोठे निघते आणि कोणती तारीख चुकवायची नाही

प्रकल्पाची बातमी एका दिवशी येत नाही; ती चार वेगवेगळ्या दारांनी येते. औद्योगिक क्षेत्रासाठी भूसंपादन असेल, तर महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२(२) ची नोटीस निघते. जमीनमालकाबरोबरच त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या इतरांनाही तिच्यावर कारण दाखवण्याची संधी असते. ज्यांची फक्त वाट त्या गटातून जाते त्यांनी "आपली जमीन नाही, आपल्याला काय" असे म्हणून घरी बसू नये. कारण पुढे कलम ३२(१) ची सूचना राजपत्रात आली की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते, आणि त्या बोजांत तुमची वहिवाटही गेली असे समजले जाते. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, ३२(२) आणि ३२(१) यांच्या मधला. भूसंपादन २०१३ च्या केंद्रीय कायद्याखाली असेल, तर प्राथमिक अधिसूचनेनंतर कलम १५ नुसार साठ दिवसांत हरकत घेता येते आणि सुविधाधिकार असलेली व्यक्ती त्या कायद्याच्या व्याख्येनुसार हितसंबंधित व्यक्तीच आहे.

दुसरे दार नियोजनाचे आहे. विकास योजनेच्या मसुद्यावर किंवा कलम ३७ खालील फेरबदलावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार हरकती मागवल्या जातात. फेरबदलासाठी ही मुदत एक महिन्याची असते. हिरव्या पट्ट्यातील जमीन औद्योगिक विभागात जाते ती याच सूचनेने, आणि ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली असते. नवी मुंबईसारख्या महापालिका हद्दीत ग्रामसभा नसल्यामुळे हे दार अधिकच महत्त्वाचे ठरते. तेथे वाटेसाठी किंवा उद्यानासाठी आरक्षण मागणारी, नकाशासह केलेली सूचना हा सर्वांत थेट उपाय आहे.

तिसरे दार सार्वजनिक वाट बंद करण्याचे. शासनाच्या मालकीचा रस्ता किंवा वाट जनतेच्या उपयोगाची राहिलेली नाही, असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटले, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २१ खाली अधिसूचना काढून आणि हरकती ऐकूनच तिच्यावरील हक्क संपवता येतात. म्हणून नकाशावरची वाट कोणी बंद केली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की, कलम २१ ची अधिसूचना कोणत्या तारखेची आहे.

चौथे दार पर्यावरण मंजुरीचे आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेसोबत जो नमुना-१ जोडलेला आहे, त्याच्या तिसऱ्या भागात प्रकल्पापासून पंधरा किलोमीटरच्या आतील संवेदनशील जागांची माहिती मागितलेली आहे. त्या यादीत मनोरंजनाच्या, पर्यटनाच्या आणि तीर्थस्थानांच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी जनता वापरत असलेल्या वाटा व सोयी असा स्वतंत्र मुद्दा आहे. प्रकल्पाचे अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर पाहता येतात. त्या मुद्द्यासमोर "नाही" किंवा "लागू नाही" असे लिहिलेले आढळले, तर तुमच्या हातात सर्वांत धारदार हरकत आली असे समजावे, कारण ही मताची नव्हे तर वस्तुस्थितीची चूक आहे, आणि चालून केलेली नोंद, छायाचित्रे व ठराव यांनी ती दाखवून देता येते. प्रकल्पाच्या पर्यावरण प्रभाव अहवालात साधारणपणे दहा किलोमीटर परिघाचा अभ्यास असतो. त्यातील जमीन वापराच्या नकाशावर तुमचे गुरचरण "पडीक" म्हणून रंगवले आहे का, तेही पाहावे.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी तिचे अध्यक्षस्थान स्वीकारतो. तिची सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात किमान तीस दिवस आधी यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र व ग्रामपंचायतीत उपलब्ध असला पाहिजे. सारांश ग्रामपंचायतीत आलाच नसेल, तर त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून) तसे लिहून घ्यावे.

सुनावणीच्या दिवशी दोन गोष्टी टाळाव्यात. सुनावणीला गणसंख्येची अट नाही, त्यामुळे नुसता बहिष्कार घातल्याने ती थांबत नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही ती पूर्ण होते आणि "हरकत आली नाही" अशी नोंद होते. ती उधळून लावणे तर त्याहून घातक आहे, कारण स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येत नाही असा अहवाल गेला, तर जनसुनावणीशिवायच पुढे जाण्याची मुभा त्या अधिसूचनेत आहे. राग मी समजू शकतो, तो माझ्याही मनात आहे. पण व्यासपीठावर चढण्यापेक्षा ध्वनिक्षेपकासमोर रांगेत उभे राहणे गावाला अधिक उपयोगी पडते. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. ते वाचून होईपर्यंत किमान दहा माणसांनी थांबावे आणि वाटांचा मुद्दा गाळला असेल, तर तेथेच उभे राहून तो घालून घ्यावा. ज्यांना येता येणार नाही, अशा ठाण्या-डोंबिवलीच्या भटक्यांनी मुदतीत लेखी म्हणणे पाठवावे.

येथे एक सावधगिरी हवी. आधीच मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या अनेक प्रकल्पांना आणि ब-२ वर्गातील (सविस्तर पर्यावरण अहवालाची गरज नसलेल्या) प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट असते. अशा वेळी वसाहतीच्या स्वतःच्या मंजुरीच्या टप्प्यावर किंवा भूसंपादनाच्या टप्प्यावरच वाटांचा मुद्दा मांडलेला असावा लागतो.

खाडीकाठच्या गावांसाठी किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी वेगळी असते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या संरक्षणाबाबत सविस्तर निकाल दिला असून तिवरांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. कोळी बांधवांनी होडी लावण्याची जागा, जाळी सुकवण्याची जागा आणि ओहोटीला निवट्या व चिंबोऱ्यांसाठी उतरण्याची वाट या तिन्ही स्वतंत्रपणे नकाशावर दाखवाव्यात. "मासेमारी" असा एक शब्द लिहून भागत नाही.

हरकत कशी लिहावी

हरकतीत भावना कमी आणि गट क्रमांक जास्त असावेत. पहिल्या परिच्छेदात आपण कोण, दुसऱ्यात वाटेचे वर्णन, तिसऱ्यात प्रकल्पाच्या कागदांतील चूक किंवा उणीव आणि शेवटी नेमकी मागणी, एवढे पुरते. वर्णनाचा परिच्छेद साधारण असा असावा :

"मौजे … येथील गावठाणापासून सुरू होऊन गट क्रमांक …, … व … यांच्या बांधाने गट क्रमांक … मधील गावदेवीच्या स्थानापर्यंत जाणारी सुमारे … मीटर लांबीची पायवाट गावनकाशावर एकेरी तुटक रेषेने दर्शवलेली असून, गावकरी ती कोणाच्याही परवानगीशिवाय, उघडपणे व अखंडितपणे वापरत आले आहेत. प्रकल्पाच्या आराखड्यात ही वाट दर्शवलेली नाही. सबब ती मूळ मार्गावर, किमान नकाशावरील रुंदीने, कुंपणाबाहेर व वर्षभर खुली ठेवावी, ही अट मंजुरीत समाविष्ट करावी."

"कुंपणाबाहेर" हा शब्द विसरू नये, आमच्या वाटेचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. पर्यायी वाट देऊ असे सांगितले गेले, तर तिची लांबी, चढ, ओढा कोठे ओलांडायचा आणि ती कोणाच्या जमिनीतून जाते, हे नकाशावर मागावे, आणि जुनी वाट बंद होण्याआधी नवी वापरात आली पाहिजे अशी अट घालावी. दोन किलोमीटरचा वळसा डांबरी असला, तरी डोक्यावर मोळी असलेल्या बाईसाठी तो पर्याय नव्हे. प्रत्येक हरकतीची पोच, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह घ्यावी. पोच नसलेली हरकत दिलीच नव्हती असे समजावे.

वाट प्रत्यक्ष अडवली गेली तर

ज्या दिवशी तार, चर किंवा दगडांचा ढीग दिसेल, त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि पंचांसमोर पंचनामा करावा. शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणारी चालू वहिवाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. त्याची मुदत सहा महिन्यांची आहे आणि ती गप्पांत निघून जाते. हाच दावा करताना अडथळा करण्यास मनाई करणारा आदेशही मागावा. जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ वेगळे आहे. शेताला वाटच नसेल, तेव्हा बांधावरून नवी वाट मिळवण्यासाठी ते आहे. जुनी वाट असताना कलम १४३ चा अर्ज केला, तर वाट नव्हतीच असे आपणच लिहून दिल्यासारखे होते. ही चूक मी चांगल्या वकिलांनाही करताना पाहिले आहे. आदेश मिळाला की त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत होईपर्यंत पाठपुरावा करावा. ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरील अडथळा असेल, तर तो काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार पंचायतीलाच आहे.

फाटक ठेवून नोंदवही पुढे केली गेली, तर भांडण करू नये, पण सहीही करू नये. त्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र द्यावे की, ही वाट गावाची असून आम्ही ती हक्काने वापरतो, सुरक्षिततेसाठी नाव विचारण्यास आमची हरकत नाही, मात्र त्याचा अर्थ आम्ही परवानगी घेतली असा होणार नाही. त्याची प्रत तहसीलदारांना द्यावी. बाहेरून येणाऱ्या भटक्यांनीही गावाने ठरवलेलाच पवित्रा घ्यावा आणि उभ्या भातातून, बांध मोडून किंवा रात्री गोंगाट करत जाऊन गावाच्या बाजूचा पुरावा खराब करू नये.

मंजुरी मिळाल्यानंतर

पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणजे सारे संपले असे नाही. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाकडे तीस दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवसांपर्यंतच विलंब माफ होऊ शकतो. त्यासाठी मंजुरीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत येते तिच्यावर लक्ष ठेवावे आणि परिवेशवर प्रस्तावाचा क्रमांक दर आठवड्याला तपासावा. मंजुरीत वाटेची अट आली असेल, तर प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल वाचण्यासाठी गावात दोन माणसे नेमावीत, आणि "अट पाळली आहे" असे लिहिलेले असताना वाटेवर राडारोडा पडलेला असेल, तर त्याच आठवड्यात छायाचित्रासह केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे.

आणि वाट चालत राहावे. आता मी ज्या गावांबरोबर काम करतो, तिथे भातकापणी आटोपली की एका रविवारी सर्व वाटा चालण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. गावकरी, शाळेची मुले आणि ठाण्याहून आलेले भटके बरोबर असतात. देवापाशी नारळ फुटतो, झाडोरा कोयत्याने साफ होतो, सर्वांची नावे व तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिली जातात आणि छायाचित्रांची एक प्रत पोच घेऊन तहसील कचेरीत दिली जाते. त्या वहीतही पाच रकाने आहेत, फक्त ती वही गावाची आहे आणि तिच्यात कारणाच्या जागी "वहिवाट" असा एकच शब्द छापलेला आहे.